गोटीचं जोडपत्र

एकाच वेळी दोन घास तोंडात कोंबणाऱ्या मुलाकडे मोठी माणसं जशी बघतात, तसे गोटीकडे तिचे मामा गेली दोन वर्षं बघत होते. विद्यापीठात तिनं जागतिक राजकारण आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतला होता, आणि त्याच्या जोडीला अर्थशास्त्र. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या,’ असं मामा प्रत्येक भेटीत म्हणायचे. म्हणताना स्वतःच्या दुकानाकडे मात्र बघायचे नाहीत, कारण तिथे कुलपांपासून लोकरीपर्यंत आणि उंदराच्या सापळ्यांपासून वाढदिवसाच्या टोप्यांपर्यंत सगळं मिळायचं. गोटी हे नाव जन्मली तेव्हा ती वाटोळी होती म्हणून आईनं ठेवलेलं. आता ती वीस वर्षांची आणि काडीसारखी किडकिडीत होती, पण नाव काही वजनाबरोबर उतरत नाही.

विद्यापीठातही फार वेगळी कथा नव्हती. तिसऱ्या मजल्यावर एकच लांब व्हरांडा होता. डाव्या हाताला राज्यशास्त्र विभाग, उजव्या हाताला अर्थशास्त्र, मध्ये पाच पावलांची फरशी. ही पाच पावलं ओलांडायला दोन्ही विभागांच्या प्रमुखांना गेल्या नऊ वर्षांत वेळ झाला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी एका खोलीवरून त्यांचं बिनसलं होतं. खोली कोणती हे आता कोणालाच नीट सांगता येत नसे, पण बिनसलेलं मात्र दोघांनी जिवापाड जपलं होतं. दोन देशांमधलं वैर कसं मिटवावं यावर दर सोमवारी व्याख्यान देणारे सर, आणि वैरामुळे दोन्ही देशांचं नुकसान किती होतं हे दर मंगळवारी फळ्यावर काढून दाखवणाऱ्या मॅडम, हे दोघे एकमेकांना शिपायाच्या हातून चिठ्ठ्या पाठवत. शिकवणं वेगळं आणि वागणं वेगळं, हे विद्यापीठात कोणाला वेगळं शिकवावं लागत नाही.

दोन्ही विषय एकत्र घेणारी मुलं जेमतेम पाच होती. राज्यशास्त्रवाले त्यांना ‘आकडेमोडे’ म्हणत आणि अर्थशास्त्रवाले ‘भाषणवाले’. या पाच जणांना दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, दोन्ही विभागांच्या इतर मुलांबरोबर, एका परीक्षेतून जावं लागे. तिला परिषद म्हणत. तीन दिवस चालणारी ही खोटी खोटी वाटाघाट, पण तिचे गुण अगदी खरे. दोन्ही विभाग शंभरपैकी आपापले गुण देत, आणि दोन्हीकडे साठ मिळाले नाहीत तर या पाच जणांना एक विषय कायमचा सोडावा लागे. शिवाय राज्यशास्त्राच्या सरांचा स्वतःचा एक नियम होता. त्यांच्या गुणपत्रिकेत तीन रकाने होते, करार, भाषा आणि गुप्तता. यातल्या एकाही रकान्यात शून्य पडलं, तर बाकीचे गुण कितीही असोत, मुलगा नापास.

आणि गोटीला दोन्ही विषय हवे होते. सरळच सांगायचं तर तिचं दोन्हींवर प्रेम होतं. सकाळी सर एखाद्या जुन्या तहाची गोष्ट रंगवून सांगत, तेव्हा तिला वाटे, हे सगळं ठीक, पण त्या वर्षी गव्हाचा भाव काय होता? दुपारी मॅडम गव्हाचा भाव काढून दाखवत, तेव्हा वाटे, हा भाव ठरला त्या खोलीत कोण कोण बसलं होतं? एकच विषय घेऊन जग समजून घ्यायचं म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणात एकाचंच ऐकून निकाल देण्यासारखं होतं. तसा निकाल देणारी माणसं तिनं नात्यात भरपूर पाहिली होती. त्यातलं एक होण्याची तिची इच्छा नव्हती.

आता मॅडमच्या जोडपत्राविषयी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यानं केला. मॅडमचा दंडक असा, की त्यांच्याकडे कोणताही कागद आला तर त्याच्या मागे आणखी एक कागद टाचलेला हवा. त्यावर तक्ता हवा. काय गृहीत धरलं, गरज किती, ती कोणत्या महिन्यात किती, आणि अगदी कमीत कमी किती असलं तर भागेल. ‘आकडा कुठून आला ते जो सांगत नाही, त्याचा आकडा मी वाचत नाही,’ असं त्या म्हणत, आणि जोडपत्र नसलेला कागद न वाचता परत करत. मुलं पाठीमागे त्यांना जोडपत्रबाई म्हणत. दोन वर्षांत गोटीच्या हाताला याची इतकी सवय लागली की एकदा तापानं पडली असताना तिनं रजेच्या अर्जामागे दर चार तासांच्या तापाचा तक्ता टाचला होता. घरच्या सामानाच्या यादीमागे साबण किती दिवस पुरेल याचा अंदाज जोडलेला बघून आई बसमध्ये एकटीच हसली होती.

त्या वर्षीच्या परिषदेत दोन कल्पित देश होते, वरचा आणि खालचा, आणि दोघांत मिळून एक नदी. वरच्या देशाला धरण बांधून वीज हवी होती. खालच्या देशाला शेतीला पाणी हवं होतं. नदीचं वर्षाचं पाणी शंभर भाग धरलं, तर कोणाला किती, एवढाच वाद. गोटी खालच्या देशाकडून होती. तिच्या जोडीला राज्यशास्त्राचा एक उंच मुलगा होता, ज्याला सगळे लांब्या म्हणत. समोर वरच्या देशाकडून दोघं होती. एक राजदूत, म्हणजे कडक उन्हातही कोट घालून फिरणारा आणि चहा मागतानाही ‘आपल्या परवानगीनं’ म्हणणारा राज्यशास्त्राचा मुलगा. दुसरी मौनी, अर्थशास्त्राची, जी तोंड फक्त जांभई द्यायला उघडते अशी तिची ख्याती होती.

सरांनी प्रत्येक जोडीला बंद पाकिटात तिचं गुपित दिलं. गोटीच्या पाकिटात लिहिलं होतं, सत्तर भाग मागून सुरुवात करा, बावन्नवर भागतं, पण बावन्न हा आकडा तुमच्या तोंडातून बाहेर पडता कामा नये. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत समोरच्या देशाच्या कप्प्यात एक निवेदन टाकायचं होतं, आदबशीर, बिनआकड्यांचं. दुसऱ्या दिवशी समोरासमोर बसून चारच्या आत करार करायचा. करार झाला नाही तर दोन्ही जोड्या नापास. तिसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा.

लांब्यानं निवेदन झकास लिहिलं. ‘आमच्या देशास आपल्या देशाविषयी नितांत आदर आहे’ इथून ते सुरू होत होतं आणि एका पानात काहीही न सांगता संपत होतं. गोटीनं तेवढ्या वेळात मॅडमसाठी जोडपत्र तयार केलं. महिनावार तक्ता, कोणत्या पिकाला किती पाणी, आणि तळाशी, दोनदा अधोरेखित केलेलं, किमान गरज बावन्न. त्याच्या दोन प्रती काढल्या, एक मॅडमच्या पेटीत टाकली, दुसरी स्वतःला उद्यासाठी ठेवली. पाचला पाच कमी असताना तिनं लांब्याचं निवेदन नीट घडी करून वरच्या देशाच्या कप्प्यात टाकलं आणि शीळ घालत घरी गेली.

घरी गेल्यावर उद्याची तयारी करावी म्हणून दप्तर उघडलं, तर जोडपत्राची दुसरी प्रत नाही. वह्या झाडल्या, पुस्तकं उलटी केली. मग तिला स्वतःचा हात आठवला. टेबलावरचा स्टेपलर उचलणारा, निवेदनामागे कागद ठेवून खट्‌कन दाबणारा हात. त्या क्षणी ती लांब्याशी बोलत होती आणि हात आपलं काम करत होता.  तिनं आपल्या देशाचं एकुलतं एक गुपित तक्ता काढून, अधोरेखित करून शत्रूच्या हवाली केलं होतं.

आई नुकतीच ड्यूटीवरून आली होती. ती एका मोठ्या इस्पितळात वॉर्डची मुख्य सिस्टर होती, आणि आल्या आल्या अर्धा तास गरम पाण्याच्या टबात पाय बुडवून बसायची. त्या अर्ध्या तासात तिच्याशी कोणी बोलायचं नाही असा घरचा कायदा होता. गोटीनं तो मोडला.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘पिन काढता येत नाही का?’

‘कप्प्याला कुलूप असतं. एकदा टाकलेला कागद परत मिळत नाही.’

‘मग झालं तर. गेलेल्या कागदाचा विचार करू नकोस.’ आईनं पाय हलवले. ‘माझा ड्यूटीचा तक्ता माहितीये ना तुला? बावीस सिस्टर. पूर्वी प्रत्येकीला सुटी हवी असली की कोणीतरी आजारी पडायचं नाहीतर मरायचं. एकीच्या सासूबाई एका वर्षात तीनदा वारल्या. मग मी एक केलं. पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, गुरुवारी सुटी हवी, कारण काही नाही, झोपायचं आहे.’

‘मग?’

‘मग काय, पहिल्या महिन्यात सगळ्यांनी माझाच गुरुवार पळवला. दुसऱ्या महिन्यात एकीनं खरं कारण लिहिलं. मग दुसरीनं. आता अख्खा तक्ता अर्ध्या तासात होतो आणि सगळ्या सासवा ठणठणीत आहेत.’

गोटी हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. ‘माझ्याकडे पहिलाच महिना आहे गं आई. दुसरा नाहीच. उद्या ते लोक पहिल्याच मिनिटाला बावन्नवर येऊन बसतील, आणि परवा सर गुप्ततेत शून्य देतील. एक विषय सुटणार माझा.’

आईनं टबातून पाय बाहेर काढले. ‘तेही खरंच,’ ती म्हणाली. ‘पण लांब्याला सकाळी तूच सांग. त्याला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको.’

सकाळी जिन्यातच तिनं लांब्याला सांगितलं. तो उंचीच्या मानानं बऱ्याच खालच्या पायरीवर बसला. तिथूनच म्हणाला, ‘ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. तू तर भांड्याला किती ताक लागतं तेही लिहून दिलंस.’

‘शिव्या दे. मी ऐकून घेते.’

‘त्या नंतर देतो. आता आत चल.’

वाटाघाटीच्या खोलीत एक लांबट टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर एक घड्याळ होतं. राजदूत आधीच येऊन बसला होता. त्याचे डोळे लाल होते आणि पुढ्यात सहा-सात पानं लिहिलेली होती. मौनी त्याच्या शेजारी कागदाच्या कडेला फुलं काढत बसली होती. गोटीला वाटलं, आता हा म्हणेल बावन्न, आणि संपलं.

राजदूत खाकरला. ‘आपल्या कालच्या दस्तऐवजाचा आम्ही सखोल अभ्यास केला,’ तो म्हणाला. ‘आपण त्यात बावन्न हा आकडा आमच्या नजरेस पडावा अशी व्यवस्था केलीत. आम्ही फसणार नाही.’

गोटी आणि लांब्यानं एकमेकांकडे पाहिलं.

‘आपली खरी मर्यादा एकतर पस्तीस आहे,’ राजदूत पुढे म्हणाला, ‘आणि बावन्न सांगून आपण आम्हाला वर खेचताय. किंवा ती पासष्ट आहे, आणि आम्ही बावन्नवर अडून बसावं म्हणजे बोलणी आमच्यामुळे फिसकटली असं जगाला सांगता येईल, हा आपला हेतू आहे. यातलं नेमकं कोणतं, हे आम्ही अजून उघड करू इच्छित नाही.’

‘अरे, ते चुकून गेलंय,’ गोटी म्हणाली. ‘मी स्टेपल केलं चुकून. बावन्न खरं आहे.’

राजदूतानं मान हलवत ते लिहून घेतलं. ‘चूक असल्याचा दावा,’ तो पुटपुटला. ‘अपेक्षित होतं.’

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. राजदूतानं स्वतः आयुष्यात एकही वाक्य सरळ बोललेलं नसल्यामुळे दुसऱ्याचं सरळ वाक्य त्याच्या गळ्याखाली उतरेना. गोटीनं तीनदा सांगितलं की ती चूक होती. तिन्ही वेळा त्याचा संशय वाढला. लांब्यानं शपथ घेऊन सांगितलं, तेव्हा तर राजदूतानं पेन खाली ठेवून त्याच्याकडे कौतुकानंच पाहिलं. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. गुपित फुटलं याचं दुःख करायचं की फुटूनही कोणी उचलत नाही याचं, हे गोटीला कळेना. चारपर्यंत सही झाली नाही तर चौघंही बुडणार होते, आणि तेही खऱ्या आकड्यात.

अडीच वाजता गोटीनं राजदूताचा नाद सोडला आणि मौनीकडे वळली. ‘माझ्यावर विश्वास ठेवू नकोस,’ ती म्हणाली. ‘तक्ता तुझ्याकडे आहेच. पिकांचे आकडे ग्रंथालयाच्या त्याच जाड पुस्तकातले आहेत, पान मी खाली लिहिलंय. गणित करून बघ.’

मौनीनं फुलं काढणं थांबवलं. कागद ओढला, पुस्तक उघडलं आणि गणित करायला बसली. राजदूत तिच्या कानात काहीतरी कुजबुजायला गेला, तर तिनं न बघता पेन्सिल त्याच्या नाकासमोर धरली. वीस मिनिटं खोलीत फक्त घड्याळ आणि पेन्सिल यांचाच आवाज होता. मग मौनीनं दोन दिवसांतलं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं.

‘बरोबर आहे.’

राजदूत काही बोलणार इतक्यात ती पुढे म्हणाली, ‘आणि यांना बावन्न वर्षभर नकोतच. त्यातले चाळीस फक्त कोरड्या चार महिन्यांत हवेत.’

‘हो,’ गोटी म्हणाली. ‘पुराच्या महिन्यांत आम्हाला पाण्याचं करायचंय काय? शेतं आधीच बुडालेली असतात.’

मौनीनं आपल्या फाइलमधून एक कागद काढला, क्षणभर विचार केला आणि टेबलावरून गोटीच्या बाजूला सरकवला. वरच्या देशाचं जोडपत्र. राजदूताच्या तोंडून ‘अगं’ एवढंच बाहेर पडलं. त्या कागदावर त्यांचीही महिनावार गरज होती आणि तळाशी त्यांचीही मर्यादा. गोटीनं मर्यादेवरून नजर उचलली आणि महिन्यांच्या ओळींवर ठेवली.

‘तुम्हाला सगळ्यात जास्त वीज कोरड्या महिन्यांतच लागते,’ ती हळूच म्हणाली.

‘कारखाने तेव्हाच जोरात चालतात,’ मौनी म्हणाली.

‘म्हणजे धरणातून पाणी तेव्हाच सोडणार.’

‘तेव्हाच.’

‘आणि वीज करणारं चाक फिरवून झालं की ते पाणी जातं कुठे?’ लांब्यानं विचारलं.

उत्तर चौघांनाही एकदमच दिसलं. पाणी खाली जातं. चाक पाणी पीत नाही. वरच्या देशाची वीज आणि खालच्या देशाची शेती एकाच पाण्यावर, एकाच महिन्यात, एकामागून एक होत होती, आणि दोन्ही देश सकाळपासून त्याच पाण्याचे तुकडे करायला बसले होते. गोटीला इतका आनंद झाला की ती खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. हे राजकारण होतं की अर्थशास्त्र, हे त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. याच्यासाठीच तर तिला दोन्ही हवे होते.

पावणेचारला करार झाला. पुराच्या महिन्यांत वरच्या देशानं धरण भरायचं, कोरड्या चार महिन्यांत ठरल्याप्रमाणे सोडायचं. वाटणीचा आकडाच नाही, नुसतं वेळापत्रक. मसुदा राजदूतानं लिहिला आणि फार सुरेख लिहिला. सही करताना मात्र तो गोटीकडे वाकून म्हणाला, ‘ते पिनेचं खरंच मानलं पाहिजे तुला. काय डाव टाकलास.’

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ही वार्ता राजदूतानं व्हरांडाभर पसरवली होती. गोटीनं मुद्दाम गुपित फोडून बोलणी जिंकली, असा डाव विद्यापीठात आजवर कोणी टाकला नव्हता, वगैरे. लांब्यानं तिला दारात गाठलं. ‘ऐक. सर खूश आहेत म्हणे. आत गेल्यावर डाव होता एवढंच म्हण. गुप्ततेत वीसपैकी वीस. चुकून म्हणालीस तर शून्य, आणि शून्य म्हणजे काय ते तुला माहीत आहे.’

‘आणि तुला?’

‘कप्प्यात कागद तू टाकलास. माझं काही जात नाही. मी तुझंच सांगतोय.’

गोटीला मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. चांगला घसघशीत मोह झाला. आत जाताना तिनं ‘डाव होता’ हे दोन शब्द मनात चार वेळा घोळवले आणि ते छान वाटले.

आत सर आणि मॅडम नियमामुळे एकाच टेबलाशी बसले होते, पण दोन टोकांना, आणि मधली खुर्ची पाण्याच्या तांब्याला दिली होती. सरांनी गुणपत्रिका पुढे ओढली. ‘करार, चाळीसपैकी पस्तीस. भाषा, चाळीसपैकी सत्तावीस.’ मग चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात उघड उघड आशा होती. ‘गुप्तता. तो कागद तुम्ही मुद्दाम दिलात की चुकून?’

गोटीनं तोंड उघडलं आणि तिला मौनी आठवली. काल गोटीनं ‘चुकून गेलंय, पण खरं आहे’ असं तीनदा सांगितलं होतं, आणि सगळ्या खोलीत एकट्या मौनीनं ते तपासून खरं मानलं होतं. आज डाव म्हटलं तर राजदूत शहाणा ठरणार आणि मौनी मूर्ख. ते काही तिला जमेना.

‘चुकून, सर,’ ती म्हणाली. ‘हाताला सवय झाली आहे.’

सरांचा चेहरा पडला. मॅडमनी तांब्याकडे बघितलं. सरांनी पेन उचललं आणि तिसऱ्या रकान्यात एक गोल, स्वच्छ शून्य काढलं.  कोणता विषय ठेवायचा याचा विचार आतापर्यंत गोटीनं एकदाही केला नव्हता, आणि आताही तो सुरू होईना. रडायचं नाही एवढंच तिनं ठरवलं.

‘आता शेवटचा प्रश्न,’ सर थकल्या आवाजात म्हणाले. ‘सगळ्यांनाच विचारायचा असतो, भाषेचे पाच गुण वाढतात त्यानं. समोरच्या देशाची मर्यादा किती होती?’

‘माहीत आहे, सर. पण सांगता येणार नाही.’

‘का?’

‘त्यांनी कागद विश्वासानं दाखवला. टेबलावर दाखवला. बाहेर न्यायला नाही दिला.’

‘अहो, मी परीक्षक आहे. तो आकडा मीच ठरवला, मीच पाकिटात घातला.’

‘मग तुम्हाला ठाऊकच आहे,’ गोटी म्हणाली. गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे आवाजही चढला. ‘माझ्या तोंडून कशाला हवा?’

 मग टेबलाच्या त्या टोकाला मॅडम हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग तसंच. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘अकरा वर्षं हा प्रश्न विचारतोय मी,’ ते म्हणाले. ‘सगळे पटकन सांगतात. पाच गुण मिळतात ना.’ त्यांनी शून्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्यावर रेघ मारली. ‘स्वतःचं गुपित सांभाळायला शून्यच. पण दुसऱ्याचं…’ इथे ते अडले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, शिपायाशिवाय, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वळले. ‘किती द्यावेत हो?’

‘तुमचा रकाना आहे,’ मॅडम म्हणाल्या.

‘म्हणून तर विचारतोय.’

‘दहा.’

‘आठ.’

‘दहा. कसे आले ते हवं असेल तर लिहून देते.’

‘नको नको,’ सर घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी दहा लिहिले. मग गोटीकडे बघून म्हणाले, ‘जा आता. बहात्तर झाले. मॅडमकडून अठ्ठ्याऐंशी आहेत. बाहेर जाऊन रडा, इथे रडलात तर अर्थशास्त्र विभागाला वाटेल आम्ही छळलं.’

‘वाटतंच आहे,’ मॅडम म्हणाल्या, आणि गोटी दार ओढून बाहेर पडली, तरी आत दोघं बोलतच होती.

त्या दिवशी आईची सकाळची पाळी होती, ती दोन वाजता संपायची. गोटी इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. शांतपणे, मोठ्या माणसासारखं सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. पण सिस्टरांच्या घोळक्यात आई दिसली आणि गोटी सरळ धावत सुटली.

आई जागच्या जागी थांबली. तिनं लेकीला असं धावताना खूप वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते चांगल्यासाठी की वाईटासाठी हे तिला लांबून कळेना. गोटी जवळ येईपर्यंत तिनं दम धरला.

‘कोणता सुटला?’ तिनं विचारलं.

‘एकही नाही,’ गोटी म्हणाली.

आईनं खांद्यावरची पिशवी शेजारच्या सिस्टरच्या हातात दिली आणि भर फाटकात, अंगावर गणवेश असताना, लेकीला दोन्ही हातांनी उचलायला गेली. गोटी कितीही किडकिडीत असली तरी वीस वर्षांची होती, आणि आई आठ तास उभी राहून आलेली. जेमतेम टाचा वर झाल्या. मग दोघी एकमेकींना धरून तिथेच हसत उभ्या राहिल्या, आणि पाळी संपवून घरी निघालेली माणसं त्यांना वळसा घालून जात राहिली.